एअर रायफलचा स्कोप किती मीटरवर झिरो करावा?

नवी एअर रायफल घरी आली, तिच्यावर स्कोप चढला, की पहिला प्रश्न हाच पडतो. झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवणं. एक जण सांगतो दहा मीटर, दुसरा म्हणतो पंचवीस, तिसरा म्हणतो जिथे जास्त मारणार तिथेच झिरो कर. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. या प्रश्नाचं अर्धं उत्तर बंदुकीत असतं आणि अर्धं तुमच्या परसात. म्हणून स्कोपच्या टोपीला हात लावण्याआधी मोजपट्टी काढा. गवंडी वापरतात ती ३० मीटरची टेप सगळ्यात बरी. पावलांनी मोजलेलं अंतर या कामाला चालत नाही.

जागा आधी, बंदूक नंतर

पणजी-मडगावच्या फ्लॅटमधल्याला बंद गच्चीवर किंवा लांब खोलीत जेमतेम ८ ते १० मीटर मिळतात. बार्देश-तिसवाडीतल्या जुन्या घराच्या मागे, विहीर आणि मांगर (अवजारांची खोपी) सोडून, १५ ते २५ मीटर सरळ रेषा निघते. सत्तरी, फोंडा, सांगे भागात कुळागर (पोफळी-माडांची बाग) असेल तर ३० मीटरच्या पुढेही जाता येतं. पण कुळागरातून पायवाटा जातात आणि पोफळींच्या आडून येणारा माणूस वेळेत दिसत नाही. एअर रायफलचा छर्रा तीनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. त्यामुळे जिथून माणूस, गुरं किंवा कुत्रं अचानक रेषेत येऊ शकतं, ती जागा कितीही लांब असली तरी मोजणीत धरू नका. जी रेषा शेवटपर्यंत तुमच्या नजरेत आहे आणि जिच्या टोकाला छर्रा अडवणारं काहीतरी भक्कम आहे, तेवढीच तुमची जागा.

टोकाला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. चिरा भुसभुशीत वाटतो, पण त्यातल्या लोहाच्या कडक खड्यांवर आदळून शिसं उलट येतं. माडाच्या खोडाचंही तेच, शिवाय झाडाला जखम होते ती वेगळी. फळ्यांची ४० × ४० सेंटिमीटरची पेटी करा, खोली २५ सेंटिमीटर ठेवा, आत जुने कपडे पायाने दाबून गच्च भरा आणि पाठीला ३ मि.मी.चा लोखंडी पत्रा लावा. निशाणाचा कागद पुढच्या बाजूला. कपडे एकाच जागी फाटत जातात, म्हणून पाचसहाशे छर्ऱ्यांनंतर पेटी उघडून भरण खालीवर करा. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, बघणाऱ्यांनाही. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही.

कायद्याचं थोडक्यात: आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी. (०.१७७) पेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागतो. खरेदीच्या पावतीवर कॅलिबर आणि ताकद लिहून घ्या आणि पावती जपून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. बागेत येणारी माकडं, पक्षी, खारी यांच्यावर एअर रायफल रोखणं हा या छंदाचा भाग नाही. या लेखातलं सगळं कागदावरच्या आणि डब्यावरच्या निशाणासाठी आहे.

छर्रा नजरेची रेषा दोनदा ओलांडतो

झिरो अंतर कळायला एवढी एक गोष्ट नीट समजली पाहिजे. स्कोपमधून जाणारी तुमची नजर सरळ रेषेत जाते. छर्रा सरळ जात नाही, नळीतून सुटल्या क्षणापासून तो खाली पडू लागतो. शिवाय त्याची सुरुवातच नजरेच्या रेषेच्या खालून होते, कारण स्कोप नळीच्या वर बसलेला असतो. म्हणून स्कोप जुळवताना आपण नकळत नळीचं तोंड किंचित वर करत असतो. छर्रा खालून वर येतो, एका जागी नजरेची रेषा ओलांडतो, थोडा वर जातो आणि पुढे पुन्हा तीच रेषा ओलांडून खाली पडतो. या दोन जागा म्हणजे जवळचा झिरो आणि लांबचा झिरो. "छर्रा वर उसळतो" असं नवखे म्हणतात ते यामुळे. तो नळीच्या दिशेपेक्षा वर कधीच जात नाही, नळीच वर रोखलेली असते.

स्कोपची उंची मोजणं सोपं आहे. नळीची अर्धी जाडी, स्कोपच्या ट्यूबची अर्धी जाडी (एक इंची ट्यूब असेल तर १२.७ मि.मी.) आणि दोघांमधली मोकळी फट, या तिन्हींची बेरीज. नळी १५ मि.मी. आणि फट २० मि.मी. असेल तर ७.५ + १२.७ + २० म्हणजे साधारण ४० मि.मी. भरतात. बऱ्याच बंदुकांवर हाच आकडा याच्या आसपास येतो.

आता उदाहरण घेऊ. ४.५ मि.मी.ची रायफल, गोल डोक्याचा ८.४ ग्रेन (साधारण ०.५४ ग्रॅम) वजनाचा छर्रा, वेग सेकंदाला २२० मीटर, स्कोपची उंची ४० मि.मी. ही साधारण १३ ज्यूलची बंदूक झाली. स्कोप वेगवेगळ्या अंतरांवर झिरो केला तर छर्रा नेमाच्या बिंदूपासून किती मि.मी. वर (+) किंवा खाली (−) लागेल, ते गणिताने असं येतं:

| अंतर | झिरो १० मी. | झिरो २० मी. | झिरो २५ मी. | झिरो ३० मी. |
|---|---|---|---|---|
| ५ मी. | −१७ | −२२ | −२० | −१९ |
| १० मी. | ० | −९ | −६ | −३ |
| १५ मी. | +१२ | −१ | +२ | +८ |
| २० मी. | +१७ | ० | +४ | +१२ |
| २५ मी. | +१६ | −५ | ० | +९ |
| ३० मी. | +८ | −१८ | −११ | ० |
| ३५ मी. | −७ | −३७ | −३० | −१७ |

या तक्त्याजवळ थोडं थांबा. दहा मीटरवर झिरो केलेली बंदूक २० मीटरवर तब्बल १७ मि.मी. वर मारते आणि तिचा दुसरा झिरो जवळपास ३३ मीटरवर जाऊन पडतो. घरात दहा मीटरवर जुळवून आणलेली बंदूक मित्राच्या बागेत सगळं वरवर मारते, ते यामुळेच. स्कोप हललेला नसतो. उलट २० मीटरचा रकाना बघा. १५ पासून २० मीटरपर्यंत छर्रा नजरेच्या रेषेला जणू चिकटून जातो. २५ मीटरला झिरो केला की पहिली ओलांडणी १३ मीटरच्या थोडं पुढे होते आणि मधल्या सगळ्या वाटेत छर्रा ४ मि.मी.पेक्षा वर जात नाही.

मग निवडायचं कसं

निशाण केवढं आहे त्यावरून सुरुवात करा. सोडा बाटलीचं बूच साधारण २६ मि.मी. रुंद असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १३. तुमचे पाच छर्रे २० मीटरवर १५ मि.मी.च्या वर्तुळात पडत असतील तर त्यातले ७ बंदुकीने आणि तुमच्या हाताने खाल्ले. उरले ६. आता विचारा: कोणता झिरो ठेवला तर छर्रा जास्तीत जास्त लांबीपर्यंत या ६ मि.मी.च्या आत राहतो?

वरच्या बंदुकीत २० चा झिरो ठेवला तर हे साधारण साडेअकरा ते २५ मीटरपर्यंत जमतं. २५ चा ठेवला तर १० ते २८ मीटर. एवढ्या पट्ट्यात बुचाच्या मध्यावर नेम धरा आणि चाप ओढा, वरखाली काही करायचं नाही. ३० चा झिरो कागदावर लांबचा दिसतो म्हणून मोह होतो, पण मध्येच २० मीटरवर छर्रा १२ मि.मी. वर असतो, म्हणजे बुचाच्या कडेवर. परसातल्या खेळासाठी तो सोयीचा नाही.

तुमची बंदूक यापेक्षा हळू किंवा जोरात असेल तर आकडे बदलतील. त्यासाठी एक अंदाज ठेवा: स्कोपची उंची ४० मि.मी. असेल तर वेगाला (मीटर प्रति सेकंद) ०.०९ ने गुणा. जे येईल त्याच्या आसपासच्या अंतरावर छर्रा नजरेच्या रेषेला नुसता स्पर्श करून खाली वळतो. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात तो एखाद-दीड मीटर अलीकडेच वळतो. २२० ला गुणलं तर २० येतात, १६० ला गुणलं तर १४. झिरो या आकड्याच्या थोडा पुढे ठेवायचा, साधारण पाव पटीने. म्हणून २२० च्या बंदुकीला २५ मीटर शोभतो आणि १६० च्या बंदुकीला १५ ते १७. हळू बंदुकीला हट्टाने २५ वर झिरो केलं तर मधल्या अंतरावर ती खूप वर मारते, आणि दोष स्कोपला दिला जातो. उंच माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारी पकड) लावला असेल तर हा स्पर्शबिंदू पुढे सरकतो. ५० मि.मी. उंचीला गुणक ०.०९ ऐवजी ०.१ धरा.

वेग कळायला क्रोनोग्राफ लागतो. नसेल तर खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा अगदी हलक्या छर्ऱ्याने काढलेला असतो. खाली दिलेली कागदाची चाचणी केली की वेग माहीत नसला तरी चालतं.

थोडक्यात तीन जागा, तीन निवडी. जागा फक्त १० मीटर असेल आणि पुढेही तीच राहणार असेल तर १० वर झिरो करा, बाकी विचार नको. परस १२ ते २५ मीटरचं असेल आणि बंदूक मध्यम ताकदीची असेल तर २० ते २२. कुळागरात सुरक्षित ३० मीटर मिळत असतील तर २५. स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफलमध्ये स्कोप चालतच नाही, तिथे भोकाची साइट असते. तेव्हा त्या खेळाडूंच्या सेटिंगची नक्कल स्कोपवर करू नका.

स्कोप चढवताना

स्प्रिंगच्या बंदुकीला दोन झटके बसतात. पिस्टन सुटताना बंदूक मागे येते आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे ओढली जाते. साध्या रायफलीसाठी केलेला स्कोप हा उलटा झटका सोसत नाही, आतली भिंगं किंवा रेटिकल (नेमाची फुली) सैल होतं. म्हणून एअर रायफलसाठी सांगून बनवलेलाच स्कोप घ्या, आणि तो ९-१० मीटरवर स्पष्ट फोकस होतो का ते दुकानातच बघून घ्या. शंभर यार्डांवर पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकण्याचा दोष) काढून बसवलेला स्कोप परसात धूसर दिसतो. शिवाय डोळा जरा इकडेतिकडे झाला की नेम सरकतो. फोकसच्या रिंगवर आकडे बहुतेक यार्डांत असतात: २५ यार्ड म्हणजे २३ मीटरला थोडं कमी.

बंदुकीवरचा खाचेचा पट्टा बहुधा ११ मि.मी.चा असतो, त्याच मापाचा माउंट हवा. माउंटच्या पोटात स्टॉप पिन असेल तर ती पट्ट्यावरच्या भोकात बसवा. पिनेशिवाय माउंट प्रत्येक झटक्याला केसाएवढा मागे सरकतो आणि शंभर छर्ऱ्यांत झिरो हरवतो. डोळा आणि मागचं भिंग यांत ७५ ते ९० मि.मी. ठेवा, गाल कुंद्यावर नेहमीसारखा टेकवून पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे.

रेटिकल सरळ बसवायला गवंड्याचा ओळंबा १५ मीटरवर टांगा. दोरी पांढरी असली तर बरी. बंदूक सपाट धरून उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत आली की रिंगचे स्क्रू आलटून पालटून, कोपऱ्याला कोपरा धरून, थोडे थोडे घट्ट करा. एल-कीची आखूड बाजू बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढा पुरे. स्कोप तिरका बसला तर झिरोच्या अंतरावर सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्या अंतरावर छर्रा डावीकडे किंवा उजवीकडे जातो. हा दोष शोधायला लोकांचे दिवस जातात, म्हणून या दहा मिनिटांत कुचराई नको.

मग दोन्ही टरेट (नेम वरखाली आणि डावा-उजवा सरकवणाऱ्या, क्लिक देत फिरणाऱ्या गुंड्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि निम्म्यावर आणून ठेवा. झिरो करताना टरेट अगदी टोकाला पोचला तर आतल्या स्प्रिंगचा ताण सुटतो आणि नेम भटकतो. मोडून भरायच्या बंदुकांची नळी किंचित खाली झुकलेली असते, तिथे हे हमखास होतं. अशा वेळी मागच्या रिंगखाली जुन्या फोटो फिल्मची पट्टी घाला, किंवा झुकाव भरून काढणारा माउंट घ्या.

झिरो करण्याची वाट

नवी बंदूक लगेच झिरो करू नका. सुरुवातीला सिलिंडरमधलं तेल जळतं, धूर येतो, वेग वरखाली होतो. शंभर-दोनशे छर्रे मारून तिला आधी शांत होऊ द्या. एकाच जातीचे, एकाच वजनाचे छर्रे घ्या. छर्रा बदलला की झिरो बदलतो. सपाट तोंडाचे छर्रे दहा मीटरवर कागदाला सुबक भोकं पाडतात, पण त्यांचा वेग लवकर मरतो. २५ मीटरच्या झिरोसाठी गोल डोक्याचेच हवेत.

वेळ सकाळची निवडा. गोव्यात दुपारकडे समुद्रावरून वारा सुरू होतो, आणि वाऱ्यात केलेला डावा-उजवा झिरो कायमचा चुकीचा बसतो. वरच्याच बंदुकीत आडवा वारा सेकंदाला ३ मीटर असेल, म्हणजे माडाची झावळं हलकेच डोलत असतील, तर १० मीटरवर छर्रा ४ मि.मी. सरकतो आणि २५ मीटरवर २८. चौदा-पंधरा क्लिक उजवीकडे द्यावे लागले म्हणून स्कोपवर संशय घेण्याआधी झावळांकडे बघा. सात ते नऊच्या दरम्यान हवा स्थिर असते, तेवढ्यात काम उरकतं.

बंदूक विटेवर किंवा टेबलाच्या कडेवर टेकवू नका, स्प्रिंगची बंदूक कडक आधारावरून उसळते आणि नेहमीपेक्षा वेगळीकडे मारते. वाळूच्या पिशवीवर उघडा तळवा ठेवा, त्यावर कुंद्याचा पुढचा भाग नुसता विसावू द्या, पकडू नका. प्रत्येक वेळी तळवा त्याच जागी आला पाहिजे, कुंद्यावर पेन्सिलीने खूण केली तरी चालेल.

आता पायरीपायरीने:

१. पाच मीटर. एक काळा ठिपका, दोन छर्रे. इथे छर्रा ठिपक्यावर आणायचाच नाही, तो २० मि.मी. खाली आणि बरोबर सरळ रेषेत आला पाहिजे. तक्ता पाहा, झिरो २० चा असो की २५ चा, पाच मीटरवर आकडा जवळपास तोच येतो. पाच मीटरवर ठिपक्यावर मारायला गेलात तर २५ मीटरवर छर्रा दहा सेंटिमीटर वर जाईल.

२. दहा मीटर. पाच छर्रे मारा आणि डावं-उजवं इथेच जुळवून घ्या, कारण वाऱ्याचा खोडसाळपणा इथे सगळ्यात कमी. वरखाली सध्या सोडून द्या. छर्रे ठिपक्याच्या ६ ते ९ मि.मी. खाली पडत असतील तर तुम्ही वाटेवर आहात.

३. निवडलेलं अंतर. पुन्हा पाच छर्रे. तीन मारून निष्कर्ष काढू नका, तिनाचा गट सहज फसवतो. पाच भोकांच्या मधला बिंदू डोळ्यांनी ठरवा आणि तिथून ठिपक्यापर्यंत मोजा.

क्लिकचं गणित असं. बहुतेक स्कोपवर १/४ एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) लिहिलेलं असतं. असा एक क्लिक १० मीटरवर ०.७ मि.मी., २० वर १.४५ आणि २५ वर १.८ मि.मी. सरकवतो. ०.१ मिलचा (मिल हेही कोनाचंच माप) स्कोप असेल तर १० वर १ मि.मी., २० वर २. समजा २० मीटरवर गटाचा मध्य १८ मि.मी. खाली आणि ९ मि.मी. डावीकडे आहे: १८ भागिले १.४५ म्हणजे १२ क्लिक वर, ९ भागिले १.४५ म्हणजे ६ क्लिक उजवीकडे. टरेटवरचा बाण छर्रा कुठे जायला हवा ते दाखवतो, नेम कुठे जायला हवा ते नाही. इथे नवखे हमखास उलटं फिरवतात. क्लिक दिल्यावर एक-दोन छर्रे न मोजता मारून रेटिकल बसू द्या, मग पुढचे पाच मोजा. प्रत्येक छर्ऱ्यानंतर क्लिक फिरवत बसलात तर दिवस संपेल पण झिरो होणार नाही.

४. शेवटची कागदाची चाचणी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरा झिरो इथेच कळतो. उभ्या लांब कागदावर एकाखाली एक ठिपके काढा. टरेटला हात न लावता १०, १५, २०, २५ आणि जागा असेल तर ३० मीटरवरून प्रत्येक अंतराला एक ठिपका, पाच-पाच छर्रे, नेम कायम ठिपक्याच्या मध्यावर. मग मोजा आणि लिहा. मधल्या अंतरावर छर्रे तुमच्या मर्यादेपेक्षा वर जात असतील तर झिरो लांबचा पडला, तो दोन-तीन मीटर अलीकडे घ्या. मध्ये कुठेच वर येत नसतील आणि दोन्ही टोकांना भराभर खाली जात असतील तर झिरो थोडा पुढे न्या. हा कागद कोणत्याही तक्त्यापेक्षा खरा, कारण त्यात तुमची बंदूक, तुमचा छर्रा आणि तुमची पकड आहे. डावं-उजवं अंतरागणिक तिरपं सरकत असेल तर स्कोप तिरका आहे, ओळंब्याकडे परत जा.

५. कार्ड. मोजलेले आकडे मिलमध्ये करून स्कोपच्या टोपीच्या आत चिकटवा. मि.मी. भागिले मीटर म्हणजे मिल. २५ च्या झिरोला १० मीटरवर ६ मि.मी. खाली म्हणजे ०.६ मिल, ३० मीटरवर ११ खाली म्हणजे ०.४ मिल, ३५ वर ३० खाली म्हणजे ०.९ मिल. जवळच्या दहा मीटरला तिसाहून जास्त वर नेम धरावा लागतो, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही, कागदावर पाहिलं की पटतं. बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये मोठं-लहान केलं तरी रेटिकल तेवढंच राहतं, म्हणून त्यावरचे ठिपके एकाच वाढीवर खरे असतात, बहुधा १० पट. कार्डावर ती वाढही लिहा आणि तीच कायम ठेवा.

पीसीपी रायफल (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) असेल तर अजून एक काळजी. टाकी पूर्ण भरल्यावर आणि रिकामी होत आल्यावर वेग बदलतो. मधल्या दाबावर, जिथे गट सारखे पडतात, तिथेच झिरो करा आणि तो दाब कार्डावर टिपा.

झिरो बिघडला तर

आधी माउंटचे आणि कुंद्याचे स्क्रू तपासा, स्प्रिंगच्या बंदुकीत तेच पहिल्यांदा ढिले होतात. मग मोडायच्या बिजागरीचा स्क्रू: नळी बंद करून हाताने डावीउजवीकडे हलवून बघा, हलली तर तिथेच दोष. त्यानंतर छर्ऱ्यांचा डबा बदलला होता का ते आठवा. हे सगळं ठीक असून गट दोन ठिकाणी पडत असतील, म्हणजे तीन इथे आणि दोन तिथे, तर स्कोपच्या आतलं काहीतरी सुटलं आहे. अशा स्कोपवर क्लिक फिरवून उपयोग नाही. पडताळायला दुसरा चांगला स्कोप चढवून पाच छर्रे मारा.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. एसी खोलीतून बंदूक बाहेर आणली की भिंगावर बाहेरून बाष्प धरतं. अर्धा तास सावलीत ठेवा, आपोआप जातं, कापडाने पुसत बसू नका. पण बाष्प आतल्या बाजूला दिसलं तर स्कोपची सील गेली आहे. जून ते सप्टेंबर बंदूक स्पंजाच्या पेटीत बंद करून ठेवू नका, स्पंज ओल धरतो, नळीला गंज आणि भिंगाला बुरशी लागते. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पुड्या बदला. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की पहिल्या सकाळी दहा आणि पंचवीस मीटरवर पाच-पाच छर्रे मारून जुन्या कार्डाशी ताडून बघा. फरक दोन-तीन मि.मी.चा असेल तर क्लिकने भरून काढा. त्याहून मोठा निघाला तर क्लिकला हात न लावता परत स्क्रूंपासून तपासणी सुरू करा.